उत्तराआधीचं वाळवण

गुनवोरबाईंचं पत्र जूनमध्ये आलं, आणि आयलिफने त्याला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण आयलिफ हा उभा जन्म गावच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. मुदत उलटलेल्या पुस्तकांसाठी त्याने अख्ख्या हालिंगदाल खोऱ्याला स्मरणपत्रं धाडली होती. पहिलं गोड असे, दुसरं कोरडं, आणि तिसरं असं की ते वाचून एक धिप्पाड सुतार टोपी काढून स्वतः पुस्तक परत करायला आला होता आणि दारातच रडवेला झाला होता. अशा माणसाच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याखाली, एक पत्र उत्तरावाचून पडून राहावं, ही गोष्ट साधी नव्हे.

पत्र छोटं होतं.

“प्रिय आयलिफ, बर्फ वितळलं म्हणून वर जाऊन आले. खोपटामागे तुमच्या त्या वाळवलेल्या जेवणाची चंदेरी पाकिटं सापडली. पिशवी कोल्ह्याने फाडलेली. पाकिटं तळ्याच्या काठाने पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत उडाली होती. मी आणि माझी भाची वेचत होतो. माझे गुडघे तुला माहीत आहेत. पिशवी तिथे कुणी ठेवली, एवढंच मला कळायला हवं. तुलाच विचारते, कारण तुमच्या तिघांत पत्राला उत्तर देणारा तू एकटाच. – गुनवोर.”

शेवटचं वाक्य नसतं तर आयलिफने कदाचित उत्तर दिलं असतं.

कारण पिशवी त्यानेच ठेवली होती.

विद्दाच्या पठारावर गुनवोरबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेलं एक दगडी खोपट आहे. दर शरदात रेनडियरच्या शिकारीसाठी तिघे जण तिथे जाऊन राहतात. हाल्वोर, ज्याने आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, त्याचा मेहुणा एम्ब्रिक, ज्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि आयलिफ. बाई भाडं घेत नाहीत. शिकार साधली तर एक मागची तंगडी, बस. ऑगस्ट लागला की वर्तमानपत्रात गुंडाळलेली खोपटाची किल्ली टपालाने हाल्वोरकडे येते, आणि मग शरद ऋतू सुरू झाला असं ते तिघे मानतात. पंचांग काही म्हणो.

आयलिफकडे बंदूक होती, परवाना होता, नेमबाजीची वार्षिक परीक्षा तो दरवर्षी न चुकता पास होई. फक्त रेनडियरवर त्याने आजवर गोळी झाडली नव्हती. रेनडियर दिसला की त्याला आधी चष्मा पुसावासा वाटे, आणि चष्मा पुसून होईपर्यंत रेनडियर समंजसपणे निघून जाई. म्हणून त्याच्याकडे दुसरं खातं आलं होतं. पाणी उकळायचं, पाकिटात ओतायचं, ढवळायचं, थांबायचं, वाढायचं. आणि शेवटच्या दिवशी रिकाम्या पाकिटांची पिशवी खाली आणायची. हाल्वोर आणि एम्ब्रिक मांस वाहतील, आयलिफ कचरा वाहील. आयलिफची पाठ नाजूक, त्यामुळे ही वाटणी कुणालाच अन्यायाची वाटत नसे.

गेल्या शरदात शेवटच्या दिवशी ते दोघे मांसाच्या ओझ्याखाली कंबरेत वाकून पुढे निघाले, आणि मागे राहिलेल्या आयलिफला आढळलं, की सॅक भरलेली आहे. पिशवी काही केल्या बसेना. त्याने ती खोपटामागे ठेवली, वर दगड रचले आणि रविवारी येऊन घेऊन जाऊ असं ठरवलं. रविवारी बर्फ पडलं. ते जूनपर्यंत राहिलं.

“सॅक भरलेली होती.” हे वाक्य त्याने हिवाळाभर मनात इतक्यांदा घोळवलं, की शेवटी ते सरकारी परिपत्रकासारखं वाटू लागलं. खरं, निर्विकार आणि कुणालाच जबाबदार न धरणारं.

उत्तर लिहायला तो रोज सकाळी बसे. “काही अपरिहार्य कारणाने पिशवी तिथे राहून गेली” असं लिहून झालं. “पिशवी ठेवण्यात आली होती” असंही लिहून झालं. मग त्याच्या मनात आलं, की नुसती माफी काय, कुणीही मागेल. आपण शिकलेसवरलेले. आपल्या उत्तरासोबत या पाकिटांच्या प्रश्नाचा कायमचा निकालच जायला हवा. पुढच्या शरदात डोंगरावर एकही चंदेरी पाकीट नाही! मग उत्तराला उशीर का झाला, हेही आपोआप समजेल.

भल्या माणसांना चालढकल करायची असली, की ती अशीच एखादं मोठं काम अंगावर घेतात.

सुरुवात त्याने पद्धतशीर केली. पाकीट मुळात कोणत्या जातीचा कचरा आहे, हे आधी ठरायला हवं. घरी एक पाकीट होतं. ते धुऊन, पुसून, घडी न मोडता तो कचरा वर्गीकरण केंद्रावर गेला. नारिंगी जाकीट घातलेली एक तरुणी तिथे उभी होती.

“हे कशात टाकायचं?”

“चुरगळा आणि सोडा, आजोबा.”

“म्हणजे?”

“चुरगळलेलं राहिलं तर धातू. उलगडलं तर प्लास्टिक. सोप्पंय.”

आयलिफने पाकीट मुठीत दाबलं आणि सोडलं. पाकीट उलगडू लागलं, निम्म्यावर आलं आणि थांबलं.

“पुन्हा करा. जोर लावून.”

त्याने जोर लावला. पाकीट पुन्हा निम्म्यावर येऊन थांबलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. एक गृहस्थ जुनी गादी डोक्यावर घेऊन हा प्रयोग बघत होते.

“याचं काही ठरत नाहीये,” तरुणी म्हणाली. “असल्यांना शेवटच्या डब्यात टाकतो आम्ही. उरलासुरला माल. जाळायला जातो.”

ती पाकिटाबद्दलच बोलत होती, अशी आयलिफची बरीचशी खात्री होती.

मग त्याने पाकीट बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. चांगलं तीन पानी पत्र, पर्यावरणाचा कळवळा, एक लॅटिन वचन. कंपनीने फार सौजन्याने उत्तर दिलं. ‘आपल्यासारख्या जाणत्या ग्राहकांमुळे आम्हांला हुरूप येतो’ असं लिहिलं आणि आभार म्हणून नव्या चवींच्या पाकिटांचं एक भलंमोठं खोकं भेट पाठवलं. प्रत्येक पाकीट चंदेरी. खोकं बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

सिन्नोवने, म्हणजे आयलिफच्या बायकोने, खोकं उघडून बघितलं. ती जन्मभर इस्पितळात परिचारिका होती. माणूस कुठे दुखतंय ते लपवतोय, हे तिला चेहऱ्यावरून कळे.

“कंपनीला पत्र लिहिलंस?”

“हो.”

“तीन पानी?”

“मुद्दे बरेच होते.”

“म्हणजे पत्र लिहिता येतं तुला अजून,” ती म्हणाली, आणि साखरेचा डबा उचलून, खालचं पुसून, जसाच्या तसा परत ठेवला.

आयलिफने खोक्यातली सगळी पाकिटं फोडून जेवण मुरंब्याच्या धुतलेल्या बरण्यांत भरलं. बरण्या ओळीने मांडल्या. प्रश्न सुटल्यासारखा दिसत होता.

“आणि ही रिकामी पाकिटं?” सिन्नोवने विचारलं.

“ती इथेच टाकू.”

“बरं. म्हणजे कचरा कमी झाला नाही, नुसती त्याची डोंगर चढायची दगदग वाचली. आणि काचा कोण वाहणार? तुझी पाठ?”

रिकामी पाकिटं त्याने धुतली आणि पलंगाखाली ठेवली. टाकवेनात.

आता एकच मार्ग उरला. जेवण घरीच वाळवायचं आणि कापडी पिशवीतून न्यायचं. कंपनी जेवण आधी गोठवते आणि मग निर्वात पोकळीत वाळवते, हे त्याने वाचलं होतं. निर्वात पोकळीची सोय सोसायटीत नव्हती. पण आपले पूर्वज साध्या हवेवर अख्खी मेंढी वाळवत, हेही त्याने वाचलं होतं. पूर्वज कुठे राहत आणि त्यांना शेजारी होते का, याबद्दल त्या पुस्तकात काही नव्हतं.

पदार्थ ठरला फोरिकोल, मेंढीचं मटण आणि कोबी. मोठं पातेलं भरून शिजवला, चाळणीवर निथळला आणि ओव्हनच्या मंद आचेवर पसरला. दुपारपर्यंत खिडक्यांना आतून घाम फुटला. संध्याकाळपर्यंत भिंतीवरचा कागद सुटला. मग धुराची घंटा वाजली, ती संपूर्ण इमारतीत वाजली, आणि भर पावसात सगळे शेजारी खाली अंगणात उभे राहिले. त्यांना काय झालं ते सांगायला आयलिफ पातेलं हातात घेऊनच उतरला, ही त्याची चूक झाली. शेजाऱ्यांना विषय मिळाला.

“अरे, वाळवायचं कशाला? माझे आजोबा सपाट भाकरी आणि लोणी न्यायचे. आठवडाभर!”

“पुडीचं सूप ने.”

“पुडीला पण पाकीट असतंच की.”

“मी म्हणते, जाण्याआधी पोटभर जेवावं आणि आल्यावर जेवावं.”

“वाळवायला हवा खेळती पाहिजे,” पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले. “हवा आणि उष्णता. आपल्या तळघरातली वाळवणीची खोली काय वाईट आहे?”

ते थट्टेत म्हणाले होते, हे पुढे सभेत त्यांनी शपथेवर सांगितलं.

सोसायटीची वाळवणीची खोली म्हणजे कपड्यांची. दोऱ्या ताणलेल्या, कोपऱ्यात गरम वारा फेकणारा मोठा पंखा. तिथला कायदा कडक. बाहेर फळीवर दिवसवार खुंट्या आहेत. ज्याचं कुलूप ज्या खुंटीवर, त्याची खोली त्या वेळी. दुसऱ्याच्या वेळेत एक मोजाही वाळत घातला तर माणसं एकमेकांशी वर्षभर बोलत नाहीत. आयलिफने रीतसर आपलं कुलूप लावलं. जुने जाळीचे पडदे दोऱ्यांवर झोळीसारखे बांधले, त्यांत मटण आणि कोबी पसरला, पंखा लावला, दार ओढून घेतलं. नियमाचा कुठेही भंग झाला नव्हता. वाळवणीच्या खोलीत मेंढी वाळवू नये असा नियमच नव्हता; तो त्याच्यामुळे झाला.

दुसऱ्या दिवशीची वेळ हिल्दुरची होती.

हिल्दुर म्हणजे सोसायटीची अध्यक्ष. तिच्या पुतण्याचं लग्न होतं आणि लग्नासाठी तिने आपल्या बुनादचा, म्हणजे सणावारी घालायच्या परंपरेच्या पोशाखाचा, पांढरा सुती सदरा धुतला होता. आजीच्या हातचं भरतकाम असलेला. आयलिफ आपलं वाळवण वेळेत काढून, फरशी पुसून गेला होता. वास मात्र गेला नव्हता. सदरा रात्रभर त्या हवेत वाळला. हिल्दुरला सर्दी होती, त्यामुळे तिला तो तसाच, इस्त्री करून, अंगात घालता आला.

चर्चमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या पाहुण्याने हळूच विचारलं, की जेवण इथेच मागे आहे का. बाहेर आल्यावर धर्मगुरूंचा कुत्रा, जो एरवी कुणाला ओळख देत नाही, तो फोटो काढून होईपर्यंत हिल्दुरच्या बाहीशी नाक लावून बसला. सगळ्या फोटोंत तो आहे.

तातडीची सभा बोलावली गेली. कॉफी होती आणि वॉफल होते, कारण कितीही गंभीर विषय असला तरी वॉफलशिवाय सभा कायदेशीर धरत नाहीत.

“मी आयलिफला पंचवीस वर्षं ओळखते,” हिल्दुर म्हणाली. “ग्रंथालयात मी एकदा कुजबुजले तर याने माझ्याकडे असं बघितलं होतं, की मी अजून चर्चमध्येसुद्धा कुजबुजत नाही. हा माणूस! माझ्या आजीच्या सदऱ्याला!”

“हे करायचं कशाला होतं, ते तरी सांग,” मास्तर म्हणाले.

आयलिफ उभा राहिला. आता सांगावं, असं त्याला वाटलं. पिशवी, कोल्हा, तळ्याचा काठ, बाईंचे गुडघे. सगळे बघत होते. एकाचा वॉफल तोंडापाशी थांबला होता.

“निसर्गासाठी,” आयलिफ म्हणाला, आणि खाली बसला. कान इतके तापले, की त्यांवर कोबी वाळला असता.

ठराव एकमताने झाला. ‘मटण हे कपड्यांत धरलं जाणार नाही.’ वाळवणीच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, ‘फक्त कपडे’. खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘आयलिफ, तुलाच’ असं लिहिलं. आयुष्यभर ‘शांतता राखा’च्या पाट्या लावलेला माणूस ती पाटी टाळण्यासाठी हातानेच कपडे पिळून न्हाणीघरात वाळत घालू लागला.

आणि मग ऑगस्ट लागला, आणि किल्ली आली नाही.

हाल्वोर आणि एम्ब्रिक एका संध्याकाळी आयलिफकडे आले. आयलिफला त्यांना नव्या जेवणाची चव दाखवायची होती. आयलिफने लाकडी वाडग्यांत वाळलेला फोरिकोल घातला, वर उकळतं पाणी ओतलं, झाकलं, आणि तिघे थांबले. बराच वेळ थांबले. कोबी पाणी प्यायला. मटण प्यायलं नाही.

“चव चांगली आहे,” हाल्वोर बराच वेळ चावून म्हणाला. “थोडा पट्ट्याचा अंश आहे. पंख्याच्या पट्ट्याचा.”

“कुत्र्याला आवडेल,” एम्ब्रिक म्हणाला, आणि लगेच गालाला हात लावला. मागच्या दाढेवरची टोपी निघाली होती. ती वाडग्यात शोधावी लागली. ती आणि मटण यांत फरक करणं सोपं गेलं नाही.

टोपी खिशात ठेवून झाल्यावर हाल्वोर म्हणाला, “किल्लीचं काय ते बोलू. मला कारण माहीत आहे. गेल्या वर्षी बाजूच्या खिडकीची काच माझ्या कोपराने फुटली. मी पुठ्ठा लावला आणि कुणाला बोललो नाही.”

“छे रे. कारण मी आहे,” एम्ब्रिक म्हणाला. “मी सुकी लाकडं जाळली आणि ओली भरून ठेवली. वरून सुकी रचली, खाली ओली. बाईंच्या लक्षात आलं असणार.”

दोघे मान खाली घालून बसले. दोन दांडगे म्हातारे, शाळेत बाकावर उभे केल्यासारखे. मग दोघांनी एकदमच आयलिफकडे बघितलं; त्याने काही कबूल करावं म्हणून नव्हे, तर त्याचं मत काय, म्हणून.

“टपालाला हल्ली उशीर होतो,” आयलिफ म्हणाला.

सिन्नोव उठून आत गेली.

त्या क्षणी आयलिफला आपण किती खाली आलो आहोत ते नीट दिसलं. तरी तो गप्प बसला. लाज ही अशी गोष्ट आहे, की थोडी असताना माणूस बोलून टाकू शकतो. फार झाली की तिलाच तोंड दाबायची सवय लागते.

हाल्वोर गप्प बसणारा नव्हता. त्याने नवी काच कापून आणली, ती सॅकमध्ये उभी घातली आणि एकटाच डोंगर चढून खिडकीला बसवून आला. उतरताना गुनवोरबाईंच्या घरी जाऊन टोपी काढून माफी मागितली. मग एम्ब्रिकला घेऊन तो पुन्हा आयलिफच्या स्वयंपाकघरात हजर झाला.

“खूश झाली. कॉफी दिली, केक दिला. खिडकीचं तिला माहीतच नव्हतं. लाकडांचं माहीत होतं, पण ते ती विसरलीये म्हणे.”

“मग किल्ली?” एम्ब्रिकने विचारलं.

“म्हणते, मी एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर आलं की किल्ली येईल.”

“कुणाला विचारलाय?”

“मी पण तेच म्हटलं. तर म्हणते, ज्याला विचारलाय त्याला माहीत आहे.”

एम्ब्रिकने हाल्वोरकडे बघितलं. “तुला पत्र आलं असणार. तू जाहिरात समजून चुलीत घातलंस.”

“मी? तुझ्या बसमध्ये अजून मागच्या शतकातली पत्रं सापडतील!”

“बस कधीच भंगारात गेली.”

“मग पत्र पण गेलं!” हाल्वोरने टेबलावर हात आपटला. “एवढं नक्की, की आयलिफला आलेलं नाही. त्याला आलं असतं तर त्याने परतीच्या टपालाने उत्तर धाडलं असतं. वर दोन तळटीपा.”

सिन्नोव भांडी धूत होती. ती वळली नाही. तिने फक्त नळ बंद केला.

स्वयंपाकघरात एकदम इतकी शांतता झाली, की ग्रंथालयातही आयलिफला ती कधी साधली नव्हती.

“मलाच आलंय,” आयलिफ म्हणाला. साखरेच्या डब्याखालून त्याने पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. हाल्वोरने चष्मा नाकावर चढवून ते मोठ्याने वाचलं. ‘उत्तर देणारा तू एकटाच’ इथे त्याचा आवाज जरा हळू झाला.

“पिशवी मी ठेवली होती,” आयलिफ म्हणाला. “सॅक भरलेली होती.”

हाल्वोरच्या मनात काही कपट नव्हतं. जन्मभर बिघाड शोधलेला माणूस तो. त्याला नुसतं समजून घ्यायचं होतं. “कशाने?”

“अं?”

“कशाने भरली होती? मांस आमच्याकडे होतं. तंबू नव्हताच. जेवण तर खाऊन संपलेलं.”

“झोपायची पिशवी असेल,” एम्ब्रिक मदतीला आला.

“ती तो बाहेरून बांधतो.”

आयलिफने टेबलाकडे बघितलं. “पुस्तकांनी,” तो म्हणाला.

हाल्वोरने चष्मा नाकावरून उतरवला.

“जाड होती?” एम्ब्रिकने विचारलं.

“एक ज्ञानकोशाचा खंड होता. र अक्षराचा.”

“र कशाला?”

“त्यात रेनडियर आहे.”

“रेनडियर तर बाहेर चरत होते की रे,” एम्ब्रिक म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नवल होतं.

“वाचलंस तरी?” हाल्वोरने विचारलं.

“नाही. उजेड कमी होता.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तर आयलिफला बरं वाटलं असतं. पण हाल्वोरने आपल्या खोऱ्यातल्या रीतीप्रमाणे श्वास आत ओढत “हं” केलं, कॉफी संपवली, कप स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवला आणि कोट चढवला. दारात तो थांबला.

“ती काच,” तो म्हणाला, “पाठीवर घेऊन चढताना सारखी वाटत होती फुटेल. वाऱ्याने दोनदा खाली बसलो. आधी बोलला असतास तर दोघे गेलो असतो. एवढंच.”

“आणि ते मटण आणू नकोस,” एम्ब्रिक म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

ते गेल्यावर आयलिफ पलंगाखालून ती धुतलेली रिकामी पाकिटं घेऊन आला. पुस्तकांची सुटलेली पानं तो जशी दाबून ठेवी, तशी त्याने ती एकावर एक सपाट रचली, वर ज्ञानकोशाचा खंड ठेवला आणि त्यावर बसून राहिला. उठून बघितलं. संपूर्ण शिकारीला पुरतील इतकी पाकिटं, आणि त्यांची चळत त्या खंडाच्या निम्मीही जाड नव्हती. वजन तर नाहीच. र खंड घरी राहिला असता तर गेल्या वर्षीची सगळी पाकिटं सॅकमध्ये बसून वर एम्ब्रिकच्या टोपीला जागा उरली असती.

ओव्हन, बरण्या, तीन पानी पत्र, हिल्दुरच्या आजीचं भरतकाम, सोसायटीचा ठराव. आणि कचरा कमी करायची युक्ती एवढीच, की एक पुस्तक कमी न्यावं आणि पाकिटं सपाट करून परत आणावी. तीही नवी नव्हती. ते त्याचं कामच होतं.

तो टेबलाशी बसला आणि पहिल्यांदाच खाडाखोड न करता लिहिलं.

“प्रिय गुनवोर, पिशवी मी ठेवली. माझ्या सॅकमध्ये पुस्तकं होती, म्हणून तिला जागा उरली नाही. हाल्वोर आणि एम्ब्रिक यांना हे माहीत नव्हतं. तुझे गुडघे मला माहीत होते. – आयलिफ.”

लिहून झाल्यावर बघितलं तर कागद निम्म्याहून जास्त कोरा. त्याला ते उघडंबोडकं वाटलं. इथे काहीतरी हवं, थोडी सूचकता, थोडी गंमत. त्याची नजर चळतीवर गेली. पाकिटाला वरून दाबून बंद करायची पट्टी असते. पत्र आत घालून, बंद करून, वर पत्ता आणि तिकीट लावलं तर? पाकीट वाया जाणार नाही, आणि बाईंना अर्थही कळेल.

“सिन्नोव! हे बघ, लिफाफ्याऐवजी मी हे...”

सिन्नोवने हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. “तिने ही पाकिटं गुडघे टेकून तळ्याकाठून वेचली,” ती म्हणाली. “आणि तू अजून एक तिच्या घरी पाठवणार?”

आयलिफने पाकीट चळतीत परत ठेवलं. सिन्नोवने ड्रॉवरमधून साधा पांढरा लिफाफा काढून दिला. तिकीट तिनेच चिकटवलं.

लाल टपालपेटी दुकानासमोर होती. रस्त्यावर लोक होते, पण कुणी आयलिफकडे बघत नव्हतं. त्याने लिफाफा फटीत घातला आणि सोडला नाही. ‘मनापासून दिलगीर’ लिहायचं राहिलं होतं. ‘सॅक भरलेली होती’ या वाक्यात तसं काही खोटं नव्हतं, ते कुठेतरी घालायला हवं होतं. एक तळटीप तरी. हात मनगटापर्यंत पेटीत आणि लिफाफ्याचं टोक दोन बोटांत, असा तो उभा राहिला.

“आयलिफ,” मागून आवाज आला. हिल्दुर होती, हातात भाजीची पिशवी. पुतण्याच्या लग्नानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. “आता इथे काय वाळत घालतोयस?”

“काही नाही,” आयलिफ म्हणाला. “पत्र टाकतोय.”

आणि आता ते म्हटलं होतं, म्हणून त्याने बोटं सोडली. आत तळाशी काहीतरी हलकं पडल्याचा आवाज झाला. त्याने हात बाहेर काढला, आणि हिल्दुर बघतच होती म्हणून, उघडून तिला दाखवला. रिकामा होता.